लेकीला बेंगळूरला नोकरी लागली आहे : हाती किती उरेल?

मागवाला_वडगाव · रविवार, रात्री 9.10

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

थोरल्या लेकीचं कंप्युटर इंजिनिअरिंग झालं. तिला बेंगळूरला नोकरी लागली आहे. पत्रात वर्षाला 5 लाख 40 हजार लिहिलंय, ऑफिस व्हाइटफील्डला. पुण्याहून पण एक बोलावणं आहे, हिंजवडीला, 4 लाख 60 हजारांचं. आणि इथं बेळगावातच एका ऑफिसात महिना 16 हजारांवर उद्यापासून ये म्हणतात.

आमच्या घरी दोन माग आहेत. मला हिशेब कळतो तो साडीला मजुरी किती, सूत किती, वीज किती असा. हे वर्षाचं पॅकेज मला कळत नाही. महिन्याला हातात किती पडणार आणि महिनाअखेर किती उरणार, एवढंच कळायला पाहिजे.

आता खरी अडचण. लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून तिथं फ्लॅट बघायला लागल्यात. भाडं 30 हजार, तिघींत दहा-दहा. पण डिपॉझिट दहा महिन्यांचं, म्हणजे तीन लाख. आमच्या वाट्याला एक लाख. एवढी रोकड घरात नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर बायकोनं पाटल्या रुमालात गुंडाळून माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, सोमवारी बँकेत नेऊन गहाण ठेवा. मी अजून नेल्या नाहीत. रुमाल तसाच कपाटात आहे.

मंडळी, मी नेऊ का? आणि एवढं करून तिला तिथं परवडेल का? तिथं राहिलेल्यांनी खरं सांगा, बरं वाटावं म्हणून नको.

कुंदा_हवा · रविवार, रात्री 9.18

काका, आधी अभिनंदन! पहिला पगार झाला की आपला बेळगावचा गोड कुंदा पाहिजे. हिशेबातलं मला कळत नाही, जाणकार येतीलच.

टिळकवाडी_वहिनी · रविवार, रात्री 10.05

भाऊ, लेकीचं कौतुक. मी 31 वर्षं पगारपत्रकं केली, तेव्हा हा भाग माझ्याकडे द्या.

5 लाख 40 हजार भागिले बारा म्हणजे 45 हजार. हे 45 हजार खात्यात येत नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. पत्राच्या शेवटच्या पानावर तक्ता असतो. त्यात 'व्हेरिएबल' नावाची ओळ शोधा. समजा ती दहा टक्के असेल, तर महिन्याला साडेचार हजार बाजूला. ते वर्षाअखेर मिळतात, कधी पूर्ण, कधी अर्धे. मूळ पगार साधारण 40 टक्के धरला तर 18 हजार. कंपनी तिच्या पीएफात जे 1,800 भरणार तेसुद्धा पॅकेजमध्येच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे साडेआठशेच्या पुढं, तीही त्यातच. आणि ग्रॅच्युइटी हातात यायला सलग काही वर्षं नोकरी लागते. मग लेकीच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200.

45,000 मधून हे सगळं वजा केलं की 35,800 च्या आसपास. आयकर लागणार नाही. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत करच नाही.

म्हणून 35 हजार धरून चाला. पीएफाचे दोन्हीकडचे मिळून 3,600 दर महिन्याला तिच्या नावावर साठताहेत, ते खर्चात गेले असं समजू नका.

आणखी एक. मूळ मार्कशीट, सर्टिफिकेट कुणी जमा करून घेत असेल तर देऊ नका. दाखवायचं आणि परत आणायचं. 'बाँड', म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही अशी अट, आहे का तेही बघा.

संकेश्वरी_मिरची · रविवार, रात्री 10.20

वहिनी, 31 वर्षं झाली तरी आकडे पाठ! आमच्या ऑफिसात कुणी असं समजावून सांगितलं असतं तर माझं पहिलं वर्ष सुखात गेलं असतं.

काका, लेकीबरोबर लाल तिखट द्या. बेंगळूरच्या सांबारात गूळ असतो.

व्हाइटफील्डचा_खानापूरकर · सोमवार, सकाळी 7.40

काका, मी नऊ वर्षं इथं आहे. तुम्ही पाटल्यांबद्दल विचारलंत म्हणून ऑफिसला निघायच्या आधी बसून लिहितोय.

डिपॉझिट परत मिळतं, मग खर्च कसला, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. माझ्या पहिल्या घराचं भाडं 15 हजार होतं, डिपॉझिट दीड लाख. आईची मोहनमाळ आणि भावाची भिशी, असं करून भरलं. अकरा महिन्यांनी घर सोडलं तेव्हा मालकानं रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापलं. भिंतीवर मी एक खिळाही ठोकला नव्हता. करारात ती ओळ होती, मी वाचली नव्हती. उरलेले पैसे द्यायला अडीच महिने लावले. तेवढ्या काळात दुसऱ्या घराचं डिपॉझिट कुठून आणायचं? मित्राकडून आणलं.

आता तुमच्या लेकीच्या वाट्याचा हिशेब मांडा. भाडं 10,000. एक लाख सोन्यावर उचललेत तर वर्षाला 12 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 1,000. रंगाचे दहा हजार अकरा महिन्यांत वाटले तर महिना 900. मेंटेनन्स निराळा, तिघींत वाटून बाराशे तरी. म्हणजे दहा हजारांची खोली 13,100 ला पडली. आणि अजून चूल पेटलेली नाही! गादी, गॅस, मिक्सर, बादल्या, फ्रीज, इंटरनेट. पहिल्या महिन्यातच तिघींचे मिळून तीस-पस्तीस हजार जातात.

डिपॉझिटचं व्याज हे लपलेलं भाडं आहे. कुठल्याच जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं.

माझं मत सांगतो. पहिले सहा महिने तिला मुलींच्या पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून, ठेवा. तिथं डिपॉझिट एका महिन्याचं, खाटगादी त्यांची, जेवण त्यांचं. नोकरीत टिकते का, मैत्रिणींशी पटतं का, ऑफिस तिथंच राहतं का, हे कळू दे. पाटल्या कपाटातच राहू देत.

फौंड्रीवाला_उद्यमबाग · सोमवार, दुपारी 1.15

सगळे जायचंच धरून बोलताय, म्हणून मी दुसरी बाजू मांडतो.

इथं 16 हजार. घरचं जेवण, घरची खोली. गाडीचं पेट्रोल आणि स्वतःचा खर्च सहा हजार म्हटलं तरी दहा हजार शिल्लक. तिथं 35 हजारांत खाऊनपिऊन पंधरा शिल्लक पडले तर नशीब. म्हणजे पाचशेच्या वर किलोमीटर लांब जाऊन, आईबापापासून तुटून, फरक किती? पाच हजार. त्यातले दिवाळी-गणपतीला येण्याजाण्यात किती जाणार ते मोजा.

माझ्या शेजारच्या शेडमध्ये सीएनसीवर चांगला हात असलेली पोरं होती. तीन पुण्याला गेली. आता आम्हाला मशीन चालवायला माणूस मिळत नाही. बेळगावातनं पोरं अशीच जात राहिली तर इथं पगार वाढणार कधी आणि वाढवणार कोण? मला हे मनापासून लागतं, म्हणून लिहिलं. काका, राग मानू नका.

हिंजवडी_अंगोलकर · सोमवार, दुपारी 2.30

फौंड्रीवाले, तुमचं दुःख समजतं. पण 16 हजारांचे तीन वर्षांनी किती होतील ते विचारा. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातच लागलो होतो. दोन वर्षांत दीड हजार वाढ. पुण्यात आल्यावर तिसऱ्या वर्षी पगार दुप्पट झाला. पहिल्या वर्षाची शिल्लक मोजून नोकरी निवडू नये.

काका, पुण्याचं पत्र फेकू नका हं. 4 लाख 60 हजारांचे हातात 30-31 येतील, पण इथं डिपॉझिट दोन-तीन महिन्यांचंच मागतात. बेळगाव साडेतीनशे किलोमीटरच्या आत. शुक्रवारी रात्री बसलं की शनिवारी पहाटे घरी. आणि भाषेचा प्रश्न नाही, हे लेकीच्या जातीला मोठं आहे. रात्री दहाला रिक्षावाल्याशी वाद झाला तर आपल्या भाषेत भांडता येतं.

शाहूनगरचा · सोमवार, दुपारी 2.50

पुणंच बरोबर. आपली माणसं तिकडंच. बेंगळूरला जाऊन कशाला त्यांचं ऐकून घ्यायचं?

कडोलीचा_गडी · सोमवार, दुपारी 3.05

का म्हणून? आम्ही सहा वर्षं राहिलोय बेंगळूरला, कुणी काही म्हटलं नाही. उगाच घाबरवू नका.

शाहूनगरचा · सोमवार, दुपारी 3.11

घाबरवत नाही. 1956 पासून जे सोसलंय ते विसरायचं का?

व्यवस्थापक · सोमवार, दुपारी 3.40

विसरायला कुणी सांगत नाही. सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, तिथं जरूर लिहा. इथं एका बापानं लेकीच्या खर्चाचं विचारलंय, तेवढ्यावर राहूया.

निपाणीची_मी · सोमवार, रात्री 8.55

काका, मी व्हाइटफील्डपासून जवळच कुंदलहळ्ळीत पीजीत राहते, दोन वर्षं झाली. मुलीच्या बाजूनं सांगते.

भाषेचं आधी. आपण बेळगाव जिल्ह्यातल्या मुली शाळेत कन्नड शिकलेल्या असतो. माझं कन्नड निपाणीचं, इथले लोक हसतात, पण हसून बोलतात. घरमालकीण, भाजीवाली, कंडक्टर, सगळ्यांशी मी कन्नडमध्ये बोलते. भाव करता येतो! पुण्या-मुंबईच्या माझ्या मैत्रिणींना ते जमत नाही, त्यांना प्रत्येक ठिकाणी दहा रुपये जास्त पडतात.

आता जी गोष्ट कुणी लिहिली नाही ती. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. आधार कार्डावर कर्नाटकचा पत्ता पाहिजे, तो तिचा आहेच. बेंगळूर शहरातल्या साध्या बसलाही ते चालतं. एसी बसला नाही. मी ऑफिसला बसनं जाते-येते, खर्च शून्य. पुण्याला गेली तर हा फायदा नाही. तिथं एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे, पण रोज ऑफिसला काही एसटीनं जात नाही कुणी.

मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत आहे. पण फेब्रुवारी 2025 मध्ये भाडं वाढवलं, आधी जास्तीत जास्त 60 होतं ते 90 झालं. रोज दोन्ही वेळा मेट्रोनं गेले असते तर महिन्याचे तीन-साडेतीन हजार त्यातच गेले असते. उशीर झाला किंवा पाऊस आला तरच मेट्रो.

पीजीबद्दल खोटं सांगत नाही. खोलीत दोघी. कपाट एक माणूस उभं राहील एवढं. जेवण पोटभर असतं, पण तेच तेच, आणि भात भात भात. चपाती आली तर ती कोपरापर्यंत ओढावी लागते. पहिले दोन महिने मी रोज रात्री रडायचे. मग खोलीतल्या मुलीनं, ती गदगची, मला एक खानावळी दाखवली. जोळद रोट्टी, एणगाई, शेंगा चटणी. आपलीच भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी की ओ. पहिला घास खाल्ला आणि आईला फोन लावला.

कुंदा_हवा · सोमवार, रात्री 9.02

आपली 'खाणावळ' तिथं जाऊन 'खानावळी' झाली आणि आपल्यालाच जेवू घालतेय, हे फार आवडलं.

संकेश्वरी_मिरची · सोमवार, रात्री 9.06

भरलं वांगं निघालं म्हणजे धागा आता दोन दिवस खाण्यावर जाणार. मी पान मांडून बसलो.

लालबाग_ते_उचगाव · मंगळवार, सकाळी 6.10

पीजीचं वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. वय झालंय, लांबण लागली तर क्षमा करा.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. मुंबई तेव्हाही महागच होती. पण आमच्या भागातली माणसं तिथं राहत कशी? गावची खोली असायची. दहा बाय बाराची. गावातल्या पंचवीस-तीस जणांचं नाव त्या खोलीवर. सगळे एका वेळी कधीच नसत, कारण पाळ्या तीन. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर पडायचा. प्रत्येकाची पत्र्याची पेटी फळीवर, कपडे दोरीवर. खोलीचं भाडं सगळ्यांत वाटलं की माणशी काही आणेच पडायचे. जेवण खाणावळीत. बाई दोन वेळचं जेवण घालायची, पैसे पगाराच्या दिवशी. त्या खाणावळवाल्या बायकांची पुढं 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून संघटना उभी राहिली, प्रेमा पुरवांनी केली.

मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात वडिलांनी मला तिथं नेलं. झोपायला जागा नव्हती, म्हणून गॅलरीत झोपलो. सकाळी एका अनोळखी माणसानं मला चहा-खारी दिली आणि म्हणाला, 'तुझा बाप माझ्याच अंथरुणात झोपतो, म्हणजे तू माझाबी पोरगा.' तो माणूस अजून डोळ्यांपुढं आहे.

आता मुद्दा. वडील निम्म्याहून जास्त पगार गावी धाडायचे. ते कसं जमलं? खोली गावची होती म्हणून. आणि आम्ही सगळे उचगावात आजीच्या जिवावर होतो, भात शेतातला होता, म्हणून. मुंबईनं वडिलांना कधीच पुरेसा पगार दिला नाही. उरलेलं गावानं भरलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तेव्हाही तसंच. दोन महिने वाट पाहून वडील पेटी घेऊन परत आले. गावानं परत घेतलं.

काका, महागडं शहर एकट्या पगारावर कधीच परवडलं नाही, आजही परवडत नाही. घरून जो तांदूळ जातो, जे लाडू जातात, आईच्या पाटल्या जातात, त्यांवर ते शहर चालतं. पोरीला मन घट्ट करून पाठवा. पण जे घरून जातं तेही वहीत मांडा. तेही भांडवलच आहे.

टिळकवाडी_वहिनी · मंगळवार, सकाळी 8.30

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. वेगळा धागा काढा ना त्या खोलीवर. आम्ही वाचू.

चोर्ला_घाट · मंगळवार, सकाळी 11.00

थोडं अवांतर. बेळगाव काही स्वस्त राहिलेलं नाही हो. मी रोज पहाटे गोव्याला भाजी नेतो, आमच्या शिवारातली उत्तम भाजी तिकडं जाते आणि इथल्या बाजारात उरलेली येते, तीही चढ्या भावात. दुधाचं तेच. 1 एप्रिल 2025 ला नंदिनी दूध लिटरमागे चार रुपयांनी वाढलं ते बेंगळूरला जेवढं तेवढंच इथंही वाढलं. आणि टिळकवाडीत गुंठ्याचा भाव ऐकला तर आपलाच गाव आपल्याला परका वाटतो. फरक एकच आहे, इथं डोक्यावरचं छप्पर बापजाद्यांचं आहे. ज्याचं नाही, त्याला इथंही 16 हजारांत जमत नाही.

फौंड्रीवाला_उद्यमबाग · मंगळवार, दुपारी 1.40

चोर्ला घाटांचं शेवटचं वाक्य खरं आहे. आमच्याकडं भाड्यानं राहणारे कामगार आहेत, त्यांचं चाललेलं मी रोज बघतो. माझा कालचा हिशेब घर असलेल्याचा होता. मान्य.

मागवाला_वडगाव · मंगळवार, रात्री 9.30

मंडळी, सगळं बायकोला वाचून दाखवलं. लालबागच्या काकांचं वाचताना तिला पुढं ऐकवेना, म्हणाली थांबा जरा. तिचे चुलते पण गिरणीत होते.

फौंड्रीवाले भाऊ, तुमचा राग नाही. मागावरही तीच गत आहे. माझ्यानंतर माग चालवणारं घरात कुणी नाही, हे मला माहीत आहे.

पीजी तर पीजी. पण मैत्रिणींना नाही कसं म्हणायचं, म्हणून लेक गप्प आहे. आणि खानापूरकर भाऊ, मालक एक 'लीज'चं पण बोलला होता म्हणे. आठ लाख एकदम द्या, तीन वर्षं भाडंच नाही, शेवटी आठच्या आठ लाख परत. एका मैत्रिणीचे वडील द्यायला तयार आहेत. हे काय असतं?

व्हाइटफील्डचा_खानापूरकर · मंगळवार, रात्री 11.20

काका, त्याला इथं कन्नडमध्ये भोग्य म्हणतात. रीत जुनी आहे, पुष्कळ लोक सरळपणानं पाळतात. मुंबईत हेवी डिपॉझिट म्हणतात त्याचाच भाऊ. पण घराच्या कागदांवर बँकेचं कर्ज आहे का, हे तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मालकानं हप्ते थकवले की बँक घरावर येते आणि तुम्ही रस्त्यावर. सब-रजिस्ट्रारकडून ईसी, म्हणजे घरावर बोजा आहे का याचा दाखला, काढायची, करार रजिस्टर करायचा, पैसे बँकेतूनच द्यायचे. हे तीनही होत नसेल तर तिथून उठायचं. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचे सहा लाख चार वर्षं अडकलेत, अजून कोर्टात फेऱ्या चालू आहेत. मालकाच्या घरावर तीन बँकांचं कर्ज निघालं.

बाहेरगावच्या बापानं फोनवर ठरवायची ही गोष्ट नाही. त्या मैत्रिणीच्या वडिलांना हे वाचायला द्या.

आणि फ्लॅट असो की पीजी, पाण्याचं विचारा. कावेरीचं पाणी येतं की टँकरचं? 2024 च्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीची बोअर आटली. बादलीभर पाण्यासाठी रात्री बारापर्यंत जागायचो. टँकरचे भाव इतके चढले की शेवटी प्रशासनानं दर बांधून दिले, आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजार दंड लावला. त्या तीन महिन्यांत मेंटेनन्स दुप्पट भरला आम्ही. कावेरी इथून शंभर किलोमीटरवर, तिथून पंपानं चढवून पाणी आणतात. आपल्या बेळगावच्या राकसकोप तलावाचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला हे तिथं गेल्यावरच कळतं.

निपाणीची_मी · बुधवार, सकाळी 7.50

काका, मैत्रिणींना मी समजावू का? तिचा निरोप मला खाजगीत पाठवा. पीजी शोधायला मी तिच्याबरोबर येईन. तीन गोष्टी मी स्वतः बघते : रात्री अकराला आत घेतात का, सोडताना डिपॉझिटमधून किती कापतात ते कागदावर देतात का, आणि रविवारी संध्याकाळी जेवण असतं का. बऱ्याच ठिकाणी रविवारी रात्री स्वयंपाकघर बंद असतं. ते चार रविवार बाहेर खाण्यात आठशे-हजार जातात.

कडोलीचा_गडी · बुधवार, सकाळी 8.15

अशी माणसं आहेत म्हणून हा गट सोडवत नाही.

हिंजवडी_अंगोलकर · बुधवार, सकाळी 10.00

मी पुण्याची बाजू लावून धरली होती, पण फुकट बस आणि सोबतीला निपाणीची ताई म्हटल्यावर माझी हरकत संपली. फक्त दिवाळी-गणपतीच्या तिकिटांचं बघा. खाजगी बसवाले त्या आठवड्यात दोन-अडीच हजार मागतात. रेल्वेचं बुकिंग उघडल्या दिवशीच काढायचं. कॅलेंडरवर आत्ताच खूण करा.

रेल्वेकाठचा · बुधवार, सकाळी 10.25

राणी चन्नम्मा एक्सप्रेसचा स्लीपर चारशेच्या आसपास, रात्री झोपायचं आणि सकाळी उतरायचं. 10 ऑगस्ट 2025 पासून बेळगावहून वंदे भारतही आहे, ती दिवसाची आणि तिकीट बरंच जास्त. महिन्याला घरी येणाऱ्या पोरीला रात्रीची गाडीच बरी.

*

मागवाला_वडगाव · सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री 8.45

मंडळी, धागा वर काढतोय. एवढ्या लोकांनी वेळ दिला, पुढं काय झालं ते सांगायला पाहिजे.

लेक बेंगळूरला लागली. मी आणि ती दोघं गेलो होतो. निपाणीची ताई दोन दिवस रजा काढून आमच्याबरोबर हिंडली. सात पीजी बघितले. आठवा घेतला. खोलीत दोघी, जेवणासकट 11 हजार, डिपॉझिट एका महिन्याचं, कावेरीचं पाणी, रविवारीही रात्रीचं जेवण. डिपॉझिटमधून काय कापणार ते ताईनं मालकिणीकडून लिहून घेतलं. ताई, तुला बायकोनं साडी ठेवली आहे, आमच्याच मागावरची. येशील तेव्हा ने.

मैत्रिणींचा फ्लॅट बारगळला. लीजवाल्या घराची ईसी काढली तर कर्ज निघालं. त्या मुलीच्या वडिलांचे आठ लाख वाचले. खानापूरकर भाऊ, त्यांनी तुमचं नाव विचारलंय, फोन करून आभार मानणार म्हणतात.

काल लेक पहिल्यांदा घरी आली. वही घेऊन आली. लालबागच्या काकांनी सांगितलं तसं सगळं मांडलंय तिनं. तिच्या परवानगीनं लिहितो.

खात्यात आले 35,312. वहिनींचा अंदाज पाचशेनं चुकला, ते विम्याचे कापले म्हणे. पण त्या विम्यात आईबाप पण आहेत.

पीजी 11,000. ऑफिसात दुपारचं खाणं 2,400. बस फुकट, पावसाच्या दिवसांत मेट्रो आणि रिक्षा मिळून 640. फोन 349. साबण, तेल, औषधं 1,150. ऑफिससाठी दोन ड्रेस 2,200. घरी येण्याजाण्याचं तिकीट 780. बाहेर खाणं, खानावळी, एक सिनेमा 1,760. झाले 20,279. उरले 15,033.

फौंड्रीवाले भाऊ, तुम्ही पंधरा म्हणाला होता. बरोबर पंधराच.

वहीच्या मागच्या पानावर तिनं 'घरून' म्हणून मांडलंय. तांदूळ 3 किलो, शेंगा चटणी, तिखट, लाडू, आईनं शिवलेली गोधडी. त्यांच्यापुढं रक्कम लिहिलेली नाही. विचारलं तर म्हणाली, किती लिहू ते कळेना बाबा.

पाच हजार तिनं माझ्या हातात ठेवले. मी घेतले. तिच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पुढल्या वर्षी सुरू होणार, तोवर त्या कर्जाच्या खात्यातच भरत जाऊ.

पाटल्या कपाटातनं काढून बायकोनं काल हातात घातल्या. लेक येणार म्हणून.

फौंड्रीवाला_उद्यमबाग · रविवार, रात्री 9.00

काका, बरं वाटलं. लेकीला सांगा, दोन वर्षांनी परत यावंसं वाटलं तर इथं कंप्युटर जाणणारं माणूस आम्हालाही लागतंय. तोवर आम्हीही पगार वाढवायचं बघतो. हे मी मालक म्हणून लिहितोय.

लालबाग_ते_उचगाव · रविवार, रात्री 9.20

पोरीला माझा आशीर्वाद सांगा. रक्कम लिहायची गरज नाही. नाव लिहिलंय, पुरे.

कुंदा_हवा · रविवार, रात्री 9.24

काका, पहिला पगार झाला. कुंदा?

मागवाला_वडगाव · रविवार, रात्री 9.31

शापूरला या, अर्धा किलो आणून ठेवलाय. बाकी एक विचारायचं होतं. लेक आज रात्रीच्या गाडीनं गेली, पण येळ्ळूरच्या शिवारातला बासमती इथंच विसरली, पाच किलोची पिशवी आहे. या आठवड्यात बेंगळूरला कोण निघालंय?

रेल्वेकाठचा · रविवार, रात्री 9.40

मी. बुधवारी, राणी चन्नम्मानं. पिशवी स्टेशनवर आणून द्या, पाऊण तास आधी. निपाणीच्या ताईंना तिकडं घ्यायला सांगा.

निपाणीची_मी · रविवार, रात्री 9.43

येते घ्यायला. त्यातला एक वाडगा माझा.